धूळमास्तरांचं बोट

धूळमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी बोट फिरवायचे. बसायच्या आधी, पाणी प्यायच्याही आधी. खिडकीची चौकट, भांड्यांची फळी, टीव्हीची पाठ, देवाच्या कोनाड्याची कड, जिथं हात पोचेल तिथं उजव्या हाताचं पहिलं बोट हळूच ओढायचं, उजेडाला धरून पाहायचं आणि गालातल्या गालात हसायचं. आता तुम्हीच सांगा, पाहुणा म्हणून आलेला माणूस तुमच्या फळीवर बोट फिरवून हसला तर घरच्या बाईला काय वाटेल? माझी सासू असं करायची. ती गेली तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, या एका गोष्टीतून तरी सुटले. तर कितीतरी वर्षांनी हे मास्तर दारात उभे.

आमचं गाव गडचांदूरच्या थोडं अलीकडे, सिमेंटच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. आमच्या रस्त्याकडच्या शेतात कपाशीचं पान पाऊस येऊन गेला की दोन दिवस हिरवं दिसतं, मग पुन्हा पांढुरकं होतं. बाया दिवसातून तीनदा झाडतात. जी दोनदाच झाडते तिला लोक आळशी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी झाडतेच आहे. धुळीशी आमचं भांडण असं रोजचं, आणि त्यात हा माणूस धूळ शोधत आला.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात ते गणित शिकवायचे. चाळिशी उलटलेली, केस पुढून विरळ, खांद्याला कापडी पिशवी. त्या वयात त्यांनी पीएचडीला नाव घातलं होतं आणि विषय काय, तर धूळ. ती कुठून येते, किती येते आणि ज्या घरात जास्त बसते त्या घरच्या माणसाचा दम कमी होतो का, हे त्यांना गणितानं पाहायचं होतं. त्यांचं खरं नाव चांगलं होतं, पण आठवडाभरात गावानं त्यांना धूळमास्तर करून टाकलं. त्यांना राग नव्हता. पुढे पुढे तर फोन केला की स्वतःच म्हणायचे, "बाई, धूळमास्तर बोलून राह्यलो."

त्यांनी गावातली बारा घरं धरली. काही रस्त्याला लागून, काही मधली, काही पार मागच्या नाल्याकडची. प्रत्येक घराच्या छपरावर लोखंडी तिकाटणं ठोकून त्यावर काचेची एक पसरट बशी ठेवली, पाखरांनी चोच घालू नये म्हणून वर तारेची जाळी. महिनाभर बशीत जी धूळ बसेल ती कॉलेजात नेऊन बारीक काट्यावर तोलायची. शिवाय घरागणिक एका माणसाला फुंकायची नळी दिली. सकाळी उठून त्यात जीव खाऊन फुंकायचं, आतला काटा जिथवर सरकेल तो आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आमचं घर होतं चार नंबरचं, रस्त्याला अगदी चिकटून. आणि आमच्या घरचे फुंकणारे होते आमचे हे.

यांची गोष्ट आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. हे जवानीत सात-आठ वर्षं दगड फोडून गिट्टी करायच्या मशीनवर कामाला होते. मग शेती केली. पन्नाशीनंतर खोकला लागला तो गेलाच नाही. कोणत्याही डॉक्टराकडे न्या, पहिला प्रश्न एकच, बिडी किती ओढता? यांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नाही, तंबाखूचा खर्रासुद्धा खाल्ला नाही. पण एकही डॉक्टर ते खरं मानायचा नाही. कागदावर लिहायचे, बिडी बंद करा. खोकल्यापेक्षा ते वाक्य यांना जास्त लागायचं. म्हणून मास्तर पहिल्यांदा नळी घेऊन आले त्या दिवशी हे खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "मास्तर, बरं करा म्हणत नाई मी. माह्या छातीत हे काय भरून राह्यलं, तेवढं मले समजलं पाह्यजे. बाकी काई नाई."

मास्तरांनी नळीचा काटा मागे सारून शून्यावर आणला. मग म्हणाले, "सांगता येईन का नाई, माहीत नाई भाऊ. मोजून पाहू."

हे 'माहीत नाई' मास्तर फार सहज म्हणायचे. शिकलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले, पुढचं वाचणं पोरींच्या पुस्तकांवरून उचललं, म्हणून मला नेहमी वाटायचं की शिकणं म्हणजे सगळं माहीत असणं. पटवाऱ्याला सगळं माहीत असतं, डॉक्टराला असतं, मतं मागायला येतात त्यांना तर विचारूच नका. आणि हा माणूस कॉलेजात शिकवतो आणि तोंडभरून सांगतो, माहीत नाही. त्यांच्या कागदावर चौकटी आखलेल्या असायच्या. एखादीला विचारलं की घरात धूर किती वेळ असतो, आणि ती म्हणाली, कोण पाहून राह्यलं घड्याळ, तर आपल्या मनानं काही भरायचे नाहीत, सरळ लिहायचे 'माहीत नाही'. म्हणायचे, "रिकामी चौकट चालते बाई, खोटी भरलेली नाई चालत."

हे त्यांना कुठून आलं, तेही एकदा सांगितलं त्यांनी. ते धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या पाड्यावरचे. आई उन्हाळ्यात तेंदूपानं तोडायला जायची आणि मास्तर लहानपणी तिच्याजवळ बसून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा पुडा. मोजणी त्यांना शाळेनं नाही शिकवली, त्या पानांनी शिकवली. दमलं की लहान पोर काय करणार, एखादं फाटकं, किडकं पान मधे सरकवून द्यायचं. आई पुडा हातात घेऊन नुसता दाबून पाहायची आणि सोडून टाकायची. म्हणायची, एक फाटकं पान घातलं का सगळा पुडा खोटा. मास्तर हसून म्हणाले, "मायनं माह्ये इतके पुडे सोडले ना बाई, म्हणून मी गणितात गेलो."

आता माझा गुन्हा ऐका.

मास्तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे. पहिल्या महिन्यात ते यायच्या आदल्या दिवशी मी छपरावर वडे वाळत घालायला चढले आणि ती बशी पाहिली. शी! पांढुरक्या धुळीचा थर, त्यात निंबाची दोन पानं, एक मेलेला किडा. पाहुण्याची वस्तू आपल्या घरी ठेवलेली आणि तिची अशी गत. आणि उद्या तो माणूस येणार, बोट फिरवणार आणि हसणार. मी जाळी उचलली, बशी खाली आणली, चुलीतली राख घेऊन लख्ख घासली, पुसली आणि होती तशी ठेवली. मग दर महिन्याला तेच केलं. कधी आठ-दहा दिवस आधीच, कधी दिवाळीचं झाडणं निघालं म्हणून मधेच. कुणी सांगितलं म्हणून केलं असं नाही. घरात भांडं मळलेलं दिसलं की हात आपोआप जातो. ते हाताचं वळण आहे, डोक्याला विचारत नाही.

मास्तरांनी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. ग्रामपंचायतीत सभा घेऊन नीट समजावून सांगितलं होतं की बशीला कुणी हात लावायचा नाही. त्या सभेला पुरुष होते. पुरुष घरी आले आणि म्हणाले, बशी फोडू नका.

असे दहा-अकरा महिने गेले. मास्तर यायचे, बशी उचलायचे, डोक्याला हात लावून बसायचे. म्हणायचे, "बाई, तुमच्या घराचं गणित लागत नाई." रस्त्याला चिकटलेलं घर, आणि धूळ नाल्याकडच्या घरापेक्षा कमी. यांचा दम मात्र महिन्यागणिक खाली. म्हणजे धुळीचा आणि दमाचा संबंधच नाही की काय? ते पेन तोंडात धरून अंगणात येरझारा घालायचे. मी चहा द्यायची. मला वाटायचं, आपलं घर स्वच्छ आहे याचं त्यांना नवल वाटतंय. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं.

मग एका सोमवारी मास्तर आले ते खुशीत. अंगणातल्या आमच्या निंबाच्या झाडाखाली उभे राहून वर पाहत राहिले. म्हणाले, सापडलं. हा निंब धूळ अडवतो. रस्त्याच्या बाजूला आहे, पानं दाट आहेत, म्हणून तुमचं घर वाचलं. नागपूरच्या त्यांच्या मोठ्या सरांना त्यांनी ते कळवलं होतं, आणि सरांनी म्हटलं होतं, निंबावर एक अख्खं प्रकरण लिहा. कुठल्याशा परिषदेत ते बोलणार होते. गावोगाव रस्त्याला निंब लावा, असं. ते बोलत होते आणि निंबाच्या बुंध्यावर हात फिरवत होते, जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात.

माझ्या हातातला कप तिथंच राहिला. निंबानं काय अडवलं होतं, ते मला एकटीला माहीत होतं.

त्या दिवशी मी बोलले नाही. मास्तर गेल्यावर यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, राहू दे, झाडं लागतील तर काय वाईट? हे बराच वेळ खोकले. दम बसल्यावर म्हणाले, "सांगून दे त्याले. डॉक्टरनं माह्या छातीचा जिम्मा बिडीवर टाकला. आता तू निंबावर टाकून राह्यली काय?"

दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि मास्तर पहिल्या गाडीनं आले. मी सगळं सांगितलं. राखेनं घासते तेही सांगितलं. मास्तर खाटेवर बसले. निंबाकडे पाहिलं, मग छपराकडे. आरडाओरडा करतील, वाटलं होतं. नागपूरच्या सरांना काय तोंड दाखवू, असं तरी म्हणतील. ते फक्त म्हणाले, "फाटकं पान आहे, बाई. काढा लागते."

मग त्यांनी मला गावातल्या त्या बारा घरच्या बायांना बोलवायला सांगितलं. त्या अंगणात जमल्या. मास्तरांनी विचारलं, बशी आणखी कोणी पुसली? बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, मी पुसली. तेव्हा शेजारची सुमन म्हणाली, मी त फक्त फडकं मारत होती, धुतली नाई हो. नाल्याकडची म्हातारी म्हणाली, "घासाची नाई त काचेची कायले आनली?" बाया हसायला लागल्या. मग एकेक करून निघत गेल्या. बारापैकी सात घरं. मास्तर यायचे म्हणून, बोट फिरवायचे म्हणून, सात घरच्या बायांनी धूळ आधीच पुसून ठेवली होती. हसणं थांबलं तेव्हा मास्तरांचा चेहरा दिसला.

त्यांनी पिशवीतून वही काढली. पानभर आकडे होते, वर्षभराचे. लाल पेनानं एक आडवी रेघ मारली, मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नका. चूक माही आहे. ज्याच्या हातात झाडू, त्याले मी विचारलंच नाई. मानसायची सभा घेतली."

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. सरांनी म्हणे सुचवलं होतं की पाच घरांवर भागवा, जे झालं ते लिहू नका, कोणाला कळतं? मास्तरांनी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी बश्या आमच्या ताब्यात होत्या, बायांच्या. मी एक वही घातली. आज सरपण ओलं होतं, धूर झाला. आज शेजारी सोयाबीनची मळणी. आज रस्त्यावर पाणी मारलं. मास्तर ती वही वाचून म्हणायचे, हे माझ्या यंत्रांना दिसत नाही. बोट मात्र फिरवायचेच. फक्त आता माझा हात फडक्याकडे जायचा नाही.

आमच्या यांचा दम मात्र खाली खाली चालला होता. तरी सकाळी नळी मागायचे. मी म्हणायची, राहू द्या आज, तर म्हणायचे, मास्तरचं वर्ष एकदा बुडवलं आपण, आता नाही. शेवटच्या दिवसांत काटा जागचा हलायचा नाही. ते माझ्याकडून शून्य लिहून घ्यायचे. माघात एका सकाळी नळी हातात घेतली, फुंकली नाही, माझ्या हातात परत दिली. दुपारी गेले. त्या दिवसाची चौकट मी रिकामी ठेवली.

सुतक फिटायच्या दिवशी घर धुऊन काढतात. सगळ्या बाया जमल्या, भिंती पोतारल्या, अंगण सारवलं, भांडी घासायला बाहेर काढली. माझी नणंद छपरावर चढून बशी काढायला लागली. मी खालून ओरडले, हात लावू नको. ती वरूनच म्हणाली, "काऊन वं? माह्या भावाच्या मागं तुले ही धूळ प्यारी झाली काय?" चार बायांसमोर बोलली. घरात विटाळ ठेवू नये हे मलाही कळत होतं. सासूनं मला तेच शिकवलं होतं. पण बशीत त्या महिन्यातली धूळ होती. ज्या हवेत यांनी शेवटचा श्वास घेतला ती धूळ. मी शिडीला धरून उभी राहिले आणि नणंद खाली उतरेपर्यंत हलले नाही. ती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

मास्तरांचा प्रबंध पुरा व्हायला आणखी बराच काळ गेला. एक दिवस जाड काळं पुस्तक घेऊन आले. सगळं इंग्रजीत. त्यांनी अंगणात बसून एकेक पान मराठीत सांगितलं. पहिल्या वर्षाची चूक त्यांनी पूर्ण लिहिली होती, सभेला बायांना बोलावलं नाही इथपासून. 'घर क्रमांक चार' कुठं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवलं. शेवटी सांगितलं की रस्त्याकडच्या घरांत धूळ जास्त बसते, आणि तिथल्या माणसांचा दम कमी भरला. चुलीच्या धुराचाही वाटा आहे, तो वेगळा काढणं अवघड आहे.

मी सगळं ऐकून घेतलं. मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "मास्तर, यांच्या छातीत काय होतं?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "गावाचं सांगू शकतो, बाई. भाऊचं नाई सांगता येत. गिट्टी होती, रस्ता होता, घरात चूल होती. कायनं गेले ते माहीत नाई."

मला इतका राग आला. हो म्हणाले असते तर काय बिघडत होतं? रस्त्याची धूळ होती, असं एवढंच. मेलेल्या माणसापुरतं एक खोटं. ज्या माणसानं मरेपर्यंत तुमच्या नळीत फुंकलं त्याच्यासाठी तुमच्याजवळ एक शब्द नाही? त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ते उठले, चपला घातल्या. फाटकाजवळ थांबून म्हणाले, "एक मात्र पक्कं माहीत आहे. बिडी नव्हती. तेवढं लिहिलं आहे, चार नंबरच्या पुढं."

ते गेल्यावर, खाटेवर ठेवून गेले होते ते पुस्तक मी उघडलं. इंग्रजी वाचता येत नाही, पण चारचा आकडा येतो. त्या ओळीत एका चौकटीत इंग्रजीत एवढासा शब्द होता. नातीनं वाचून सांगितला. 'कधीच नाही'.

मग मी फोन केला. म्हटलं, धूळमास्तर, चहा राहिला तुमचा. ते खूप हसले.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. कॉलेजातून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांच्या पत्नीचा फोन आला आणि मी आठव्या दिवशी एसटीनं चंद्रपूरला गेले. ताईंना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, भिंतभर पुस्तकं. एका फळीवर आमच्या बशीसारखी एक बशी, त्यात पेनं ठेवलेली. ताई पाणी आणायला आत गेल्या. मी उभीच होते. काय झालं कुणास ठाऊक, माझं बोट आपोआप त्या फळीच्या कडेवरून फिरलं. आठ दिवसांची धूळ. मी ते बोट खिडकीच्या उजेडाला धरलं.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "हे गेल्यापासून हातच लागला नाई हो घराले," म्हणत त्या घाईघाईनं पदर घेऊन फळी पुसायला वाकल्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "राहू द्या ताई. मास्तरच्या घरची धूळ आहे, मोजल्याबिगर पुसू नका."